सदस्यांच्या यादीत गाव आणि छाटणीची तारीख: बडीप्रेसची टेम्प्लेट नेमकी कुठून बदलायची

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा. तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदारांसाठी तुम्ही वर्डप्रेसवर साइट केलीय आणि त्यावर बडीप्रेस, म्हणजे सदस्य, प्रोफाइल आणि गट यांची सोय देणारं प्लगिन, बसवलंय. सदस्यांच्या यादीच्या पानावर उजवीकडे थीमचा साइडबार येतो, तो नको आहे. प्रत्येकाच्या नावाखाली 'तीन तासांपूर्वी सक्रिय' असं येतं, त्याऐवजी गाव, द्राक्षाची जात आणि छाटणीची तारीख हवी. एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे 'पृष्ठे'मध्ये जाऊन सदस्यांच्या पानाला वेगळं टेम्प्लेट (पानाचा साचा) द्यायला गेलात, तर ते पानच यादीत नाही. मग प्लगिनच्या फोल्डरात शिरून बदल केलेत. पंधरा दिवस चाललं, अपडेट आलं आणि सगळं पुसलं गेलं. आता तुम्ही विचारताय, फाइल बदलायची ती कोणती?

'कोणती फाइल' या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण तुमच्या अडचणी तीन आहेत आणि तिन्हींच्या जागा वेगळ्या आहेत. तुम्ही बागेतले आहात म्हणून बागेच्याच भाषेत सांगतो. मांडव थीमचा, वेल बडीप्रेसचा आणि घड म्हणजे सदस्यांनी भरलेली माहिती. साइडबार ही मांडवाची गोष्ट आहे. यादीत एका सदस्याचा चौकोन कसा दिसावा ही वेलाची. त्या चौकोनात कोणती माहिती यावी ही घडाची, आणि तिच्यासाठी बऱ्याचदा एकही टेम्प्लेट उघडावं लागत नाही. मांडव दुरुस्त करायला वेल कापला की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

मी सांगलीत विश्रामबागेत बसून गेली बारा-तेरा वर्षं असल्याच साइट करतोय. पहिली काही वर्षं दिसेल ते टेम्प्लेट उचलून थीममध्ये टाकायचो. आता नवीन काम आलं की कमीत कमी किती फाइलींत भागेल ते आधी मोजतो. पुढचं सगळं त्याच हिशेबानं लिहिलंय. एक सूचना: फाइलींची आणि फंक्शनची नावं इथं देवनागरीत लिहितोय, तुमच्या फोल्डरात ती इंग्रजी छोट्या अक्षरांत दिसतील.

आधी पान तयार कसं होतं ते बघू, कारण निम्मा गोंधळ तिथंच आहे. बडीप्रेस १.७ ही आवृत्ती २०१३ मध्ये आली. त्याआधी बडीप्रेसला त्याच्यासाठी केलेली थीम लागायची. १.७ पासून ते कुठल्याही थीमवर चालायला लागलं. ते कसं, तर बडीप्रेस आतल्या आत एक खोटं पान उभं करतं, तुमच्या थीमचं साध्या पानाचं टेम्प्लेट उघडतं, आणि त्या टेम्प्लेटमध्ये जिथं पानाचा मजकूर छापायचा असतो तिथं स्वतःचं सगळं ओततं. म्हणजे वरचा मथळा, साइडबार, तळपट्टी हे सगळं थीमचं, मधला मजकूर तेवढा बडीप्रेसचा.

यातून एक गोष्ट ओघानंच येते. बाहेरच्या टेम्प्लेटमध्ये 'द-कंटेंट' ही मजकूर छापणारी ओळ नसेल, तर बडीप्रेसला ओतायला भांडंच नाही. पान कोरं येतं. पेज बिल्डरनं केलेल्या तयार लेआउटवर बडीप्रेस रिकामं दिसतं अशी तक्रार आली की मी सर्वात आधी ही ओळ शोधतो.

साइडबार

बाहेरची चौकट कोणती घ्यायची हे ठरवताना बडीप्रेस थीममध्ये ठरावीक नावांच्या फाइली क्रमानं शोधतं. आधी 'प्लगिन-बडीप्रेस.पीएचपी', मग 'बडीप्रेस.पीएचपी', मग 'कम्युनिटी.पीएचपी', मग 'जेनेरिक.पीएचपी', आणि यातलं काहीच नसेल तर 'पेज.पीएचपी'. तुमच्या थीममध्ये पहिल्या चार नसणार. म्हणून 'पेज.पीएचपी' लागते आणि तिच्यात साइडबार बोलावलेला असतो.

उपाय सोपा आहे. चाइल्ड थीम करा, म्हणजे मूळ थीमवर आधारलेली, फक्त तुमचे बदल ठेवणारी छोटी थीम. थीमच्या 'पेज.पीएचपी'ची प्रत चाइल्ड थीमच्या मुख्य फोल्डरात ठेवा, तिचं नाव 'बडीप्रेस.पीएचपी' करा आणि तिच्यातली साइडबार बोलावणारी ओळ काढा. साइटची बाकी पानं आहेत तशी राहतील, फक्त बडीप्रेसची पानं पूर्ण रुंदीची होतील. मजकूर अजून अरुंदच दिसला तर थीमच्या सीएसएसनं मजकुराच्या भागाला रुंदी बांधून दिलेली असते, ती सैल करा. बडीप्रेसच्या पानांवर 'बॉडी'ला 'बडीप्रेस' हा क्लास लागलेला असतो, त्याचा आधार घेतला की बाकी पानांना धक्का लागत नाही.

चाइल्ड थीम का, हे एका वाक्यात सांगतो. डॉगरिजच्या खुंटावर तुम्ही थॉमसन किंवा सोनाकाचं कलम करता तेव्हा खुंट खुंटाच्या जागी राहतो आणि माल कलमाचा येतो. मूळ थीम उद्या अपडेट झाली तरी तुमचं कलम शाबूत.

आता यात परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो. वरचं सगळं जुन्या पद्धतीच्या, म्हणजे पीएचपी टेम्प्लेटच्या थीमला लागू. तुमची थीम ब्लॉक थीम असेल, म्हणजे 'स्वरूप'मध्ये साइट एडिटर दिसत असेल, तर तिच्यात 'पेज.पीएचपी' नसते. तिथं बाहेरची चौकट साइट एडिटरमधल्या पानाच्या टेम्प्लेटवरून येते. त्यात साइडबारसारखा स्तंभ कोणी घातला असेल तर तो तिथूनच काढायचा. आणखी एक प्रकार असतो. काही थीम साइडबार फाइलीतून ठरवत नाहीत, कस्टमायझरमधल्या, म्हणजे थीमचं रूप बदलायच्या पडद्यावरच्या, लेआउटच्या सेटिंगवरून ठरवतात. तशी असेल तर फाइल करायच्या आधी ते सेटिंग बघा. चाइल्ड थीम करून, फाइल टाकून तासभर डोकं खाजवायचं आणि शेवटी एक टिचकीनं काम व्हायचं, असं माझंही झालंय.

'पृष्ठे'मध्ये सदस्यांचं पान का नाही

तो व्हिडिओ जुना आहे, तुमचं काही चुकलेलं नाही. पूर्वी बडीप्रेस सदस्य, गट, घडामोडी यांच्यासाठी वर्डप्रेसची साधी पानं वापरायचं. ती 'पृष्ठे'च्या यादीत दिसायची आणि तिथं उजवीकडून टेम्प्लेट निवडता यायचं. २०२३ मध्ये १२.० आवृत्ती आली तेव्हा बडीप्रेसनं पत्त्यांची सगळी व्यवस्था नव्यानं बांधली आणि ही पानं त्या यादीतून बाहेर गेली. आता पानाचं शीर्षक आणि पत्ता बदलायचा तर सेटिंग्जमध्ये बडीप्रेस, त्यात यूआरएल हा टॅब.

तिथं जाणारच असाल तर आणखी एक सांगतो. शीर्षक 'बागायतदार' असं मराठीत खुशाल ठेवा. पत्ता मात्र रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरी पत्ता चालतो, पण व्हॉट्सॲपवर कोणी चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि लोकांना वाटतं काहीतरी भलतीच लिंक आलीय.

जुनी पानं परत आणणारं 'बीपी क्लासिक' नावाचं प्लगिन आहे. जुन्या साइटवर एखादं ॲड-ऑन त्याशिवाय अडत असेल तर ते बसवावं. नवीन साइटवर केवळ टेम्प्लेट निवडण्यासाठी बसवू नका. तुमचं काम त्यानं तसंही अर्धवटच झालं असतं. जुन्या व्यवस्थेतही पानाला निवडलेलं टेम्प्लेट फक्त यादीच्या पानाला लागायचं. यादीतल्या एखाद्या नावावर टिचकी मारून त्याच्या प्रोफाइलवर गेलं की पुन्हा थीमचीच चौकट. 'यादीत साइडबार गेला पण प्रोफाइलवर परत आला' असं सांगणारे कितीतरी जण मला भेटलेत. 'बडीप्रेस.पीएचपी'चा मार्ग यादी, प्रोफाइल आणि गट या सगळ्यांना एकदम लागू होतो, म्हणून तो बरा.

चौकोनात गाव आणि जात

इथं जरा सावकाश जाऊ, कारण तुमचं मुख्य काम हेच आहे.

आधी सेटिंग्जमध्ये जाऊन तुमच्याकडे कोणता टेम्प्लेट पॅक चालू आहे ते बघा. बडीप्रेससोबत टेम्प्लेटचे दोन संच, म्हणजे पॅक, येतात, लेगसी आणि नूवो. नूवो २०१८ मध्ये ३.० सोबत आला. त्यानंतर बसवलेल्या साइटवर बहुतेक तोच असतो, त्याआधीपासून चालत आलेल्या साइटवर लेगसी असू शकतो. दोन्हींतल्या फाइलींची नावं पुष्कळदा सारखी आहेत, आतला मजकूर वेगळा आहे. लेगसीची फाइल उचलून नूवोवर चालवली की पान उघडतं, पण शोध, फिल्टर, पुढचं पान यातलं काहीतरी मुकं होतं. मार्गदर्शन वाचताना ते कोणत्या पॅकचं आहे हे तपासल्याशिवाय एक ओळही उचलू नका.

पुढचं मी नूवो धरून लिहितो. एका सदस्याचा चौकोन ज्या फाइलीत आहे ती प्लगिनच्या फोल्डरात 'बीपी-टेम्प्लेट्स', त्यात 'बीपी-नूवो', त्यात 'बडीप्रेस', त्यात 'मेंबर्स', त्यात 'मेंबर्स-लूप.पीएचपी'. तुम्ही बहुधा हीच फाइल जागच्या जागी बदलली होती. योग्य रीत अशी: चाइल्ड थीममध्ये 'बडीप्रेस' नावाचं फोल्डर करायचं, त्यात 'मेंबर्स', आणि त्यात या फाइलीची प्रत. बडीप्रेस आधी चाइल्ड थीममध्ये बघतं, मग मूळ थीममध्ये, आणि शेवटी स्वतःच्या पॅकमध्ये. पहिल्यांदा सापडेल ती फाइल घेतं. पूर्ण फोल्डर कधीही कॉपी करायचं नाही. ज्या एका फाइलीत बदल आहे तेवढीच न्यायची.

पण थांबा. मी तुमच्या जागी असतो तर हीसुद्धा नेली नसती.

चौकोनात काही वाढवायचं असेल तर बडीप्रेसनं त्यासाठी हुक, म्हणजे आपला कोड टांगायची जागा, ठेवलाय, त्याचं नाव 'बीपी डिरेक्टरी मेंबर्स आयटेम'. चाइल्ड थीमच्या 'फंक्शन्स.पीएचपी'मध्ये या हुकवर एक छोटं फंक्शन टांगायचं. त्यात चालू सदस्याचा क्रमांक घ्यायचा, त्याच्या प्रोफाइलमधलं गाव आणि जात काढायची आणि दोन ओळी छापायच्या. दहा-पंधरा ओळींचं काम. हा हुक लेगसीतही आहे, नूवोतही आहे. 'तीन तासांपूर्वी सक्रिय' ही ओळ काढून त्याच जागी गाव हवं असेल, तर नूवोत 'बीपी नूवो गेट मेंबर मेटा' नावाचा फिल्टर आहे. त्याच्याकडे नावाखालच्या माहितीची यादी येते. तिच्यातली सक्रियतेची नोंद काढायची, आपली घालायची आणि यादी परत द्यायची. टेम्प्लेटला हात नाही, अपडेटची भीती नाही.

हे फंक्शन थीममध्ये ठेवायचं की बाहेर, हाही विचार करा. उद्या थीम बदलणार असाल तर प्लगिन्सच्या फोल्डरात 'बीपी-कस्टम.पीएचपी' नावाची फाइल करून तिच्यात ठेवा. बडीप्रेस ती आपोआप उचलतं. ती बडीप्रेसच्या फोल्डराबाहेर असते, म्हणून अपडेटमध्ये पुसली जात नाही. दिसण्याशी संबंधित असेल ते थीममध्ये आणि माहितीशी संबंधित असेल ते इथं, अशी माझी वाटणी आहे.

प्रोफाइलमधलं मूल्य काढताना फील्ड नावानंही मागता येतं, क्रमांकानंही. क्रमांकानं मागा. 'गाव' या नावावर कोड बांधला आणि पुढच्या वर्षी समितीतल्या कोणी ते 'गाव / वाडी' केलं, की यादीतून सगळ्यांची गावं एका रात्रीत गायब. आणि ती का गेली ते शोधणाऱ्याला सापडता सापडत नाही, कारण कोडला कोणी हातच लावलेला नसतो.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण तुम्ही फोन नंबरही दाखवायचा विचार करताय असं प्रश्नाच्या शेवटी ओझरतं लिहिलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी साताऱ्यातल्या एका माजी विद्यार्थी संघाची साइट केली होती. यादीत प्रत्येकाच्या नावाखाली फोन हवा अशी मागणी होती. मी 'एक्सप्रोफाइल गेट फील्ड डेटा' हे फंक्शन लावलं, नंबर छापले, सगळे खूश. चौथ्या दिवशी एका बाईंचा फोन आला. त्यांनी प्रोफाइलमध्ये फोनसमोर 'फक्त मी' असं निवडलं होतं, तरी नंबर यादीत जगाला दिसत होता आणि अनोळखी माणसांचे फोन यायला लागले होते. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. ते फंक्शन मूल्य आणून देतं, पण ते मूल्य कोणी बघावं याची सदस्यानं केलेली निवड तपासत नाही. ती तपासणी आपण करायची. 'बीपी एक्सप्रोफाइल गेट हिडन फील्ड्स फॉर युजर' हे फंक्शन समोरच्या माणसापासून कोणती फील्डं लपवायची त्यांचे क्रमांक देतं. आपला क्रमांक त्या यादीत असेल तर काहीही छापायचं नाही. या दोन ओळी मी त्या दिवशी लिहिल्या नव्हत्या. त्यानंतर एकाही साइटवर चुकवल्या नाहीत.

तुमच्या साइटवर तर मी फोन यादीत घालूच नये असं म्हणेन. हंगामात व्यापारी आणि औषधवाले अशा याद्यांच्या शोधातच असतात. फोन प्रोफाइलवर ठेवा आणि सदस्यांनाच दिसू द्या. १२.० पासून पूर्ण समुदाय फक्त सदस्यांपुरता ठेवायचं सेटिंगही बडीप्रेसमध्येच आहे, वेगळं प्लगिन लागत नाही.

छाटणीची तारीख

तुम्ही तारीख मागितलीय. मला वाटतं तुम्हाला हवेत ते दिवस. बागेत कोणी 'माझी छाटणी १२ ऑक्टोबरची' एवढ्यावर थांबत नाही, 'पंचेचाळिसावा दिवस चालू आहे' असं बोलतो, कारण फवारणी, डिपिंग, विरळणी सगळं दिवसांवर चालतं. यादीत 'सावळज · सोनाका · छाटणीनंतर ४५ वा दिवस' असं दिसलं, तर आपल्याच दिवसांवर असलेला दुसरा बागायतदार कोण हे एका नजरेत कळतं. साइटचा उपयोग मला यातच दिसतो.

पण इथं एक खड्डा आहे. तारखेच्या फील्डचं मूल्य वर सांगितलेल्या फंक्शननं मागितलं, तर ते तुम्ही फील्डच्या सेटिंगमध्ये निवडलेल्या रूपात येतं. साइट मराठीत असेल तर '१२ ऑक्टोबर'सारखं मराठी महिन्याचं नाव घेऊन येतं. ते पीएचपीच्या तारीख मोजणाऱ्या फंक्शनला दिलं की त्याला काही कळत नाही, आणि हजारो दिवसांचा अचाट आकडा येतो. दिवस मोजायला डेटाबेसमधलं मूळ, न सजवलेलं मूल्य लागतं. ते 'बीपी एक्सप्रोफाइल प्रोफाइल डेटा' या क्लासच्या 'गेट व्हॅल्यू बाय आयडी'नं मिळतं. ते वर्ष-महिना-दिवस अशा सरळ आकड्यांत असतं. आजच्या तारखेतून ती वजा केली की झालं. 'आज' मोजताना वर्डप्रेसची वेळ घ्या, सर्व्हरची नको, नाहीतर पहाटे साइट उघडणाऱ्याला एक दिवस कमी दिसेल. आणि बागायतदार पहाटेच उघडणार.

लपवलेल्या फील्डची तपासणी इथंही लागते हे विसरू नका. मूळ मूल्य थेट काढताय म्हणजे मधला कोणताच चौकीदार नाही.

खरड छाटणी आणि फळछाटणी यांच्यासाठी दोन वेगळी फील्डं ठेवा. दोन्हींत अलीकडची असेल ती दाखवायची. एकच फील्ड ठेवलं तर एप्रिलमध्ये निम्मे जण बदलतील, निम्मे विसरतील, आणि यादीत कोणाचा तरी दोनशेवा दिवस चालू राहील.

टेम्प्लेट बदलायचंच झालं तर

तरीही एखाद्या वेळी 'मेंबर्स-लूप.पीएचपी' चाइल्ड थीममध्ये न्यावीच लागते. चौकोनाची मांडणीच बदलायची असेल, फोटो डावीकडून वर न्यायचा असेल, तर हुक पुरत नाहीत. त्याआधी नूवोनं कस्टमायझरमध्ये दिलेल्या गोष्टी बघून घ्या. यादी किती स्तंभांत दाखवायची, प्रोफाइलचे टॅब आडवे की उभे, त्यांचा क्रम, हे सगळं तिथूनच होतं. केवळ दोनाचे तीन स्तंभ करायला फाइल बदलणारे मी बघितलेत.

फाइल नेलीत तर दोन गोष्टी जपा. एक, तिच्यात 'डेटा-बीपी' नं सुरू होणारी जी ॲट्रिब्युट दिसतील ती काढू नका आणि त्यांची नावंही बदलू नका. कोणत्या सदस्याचं बटण दाबलं ते नूवोची जावास्क्रिप्ट त्यांच्याच आधारानं ओळखते. मोकळं दिसावं म्हणून ती साफ केलीत की चौकोनातली बटणं मुकी होतात.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. नूवोत यादीचा मजकूर पानासोबत येत नाही, मागाहून अजॅक्सनं, म्हणजे पान उघडल्यावर वेगळी मागणी पाठवून, येतो. म्हणजे लूपची फाइल चालते तेव्हा वर्डप्रेसच्या दृष्टीनं आपण त्या पानावर नसतोच. 'अमुक पान असेल तर हे दाखव' अशी साधी अट त्या फाइलीत घातली की ती कधीच खरी ठरत नाही, आणि ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स बघितला तर यादीच दिसत नाही. लेगसीत ही अडचण आणखी भ्रामक असते. पहिल्यांदा बरोबर येतं आणि फिल्टर बदलला की जातं. लूपमध्ये अट लागतच असेल तर पानावर आधारू नका, सदस्यावर आधारा.

सीएसएसचं थोडक्यात. चाइल्ड थीमच्या 'सीएसएस' फोल्डरात 'बडीप्रेस' या नावानं स्टाइलची फाइल ठेवू नका. बडीप्रेस तिला आपल्या मूळ स्टाइलची बदली समजतं आणि मूळ पूर्ण वगळतं, मग सगळं पान उघडंबोडकं. तुमचे चार नियम चाइल्ड थीमच्या नेहमीच्या स्टाइल फाइलीतच लिहा.

आणि शब्द बदलायला टेम्प्लेट उघडणं तर अजिबातच नको. 'सदस्य'च्या जागी 'बागायतदार', 'गट'च्या जागी 'मंडळ' हे भाषांतराचं काम आहे. 'लोको ट्रान्सलेट'सारख्या प्लगिननं ते होतं. त्यात भाषांतर जतन करताना त्याचं स्वतःचं सुरक्षित फोल्डर निवडा, म्हणजे भाषेचं अपडेट आलं तरी तुमचे शब्द राहतात.

पुढच्या अपडेटला

चाइल्ड थीममधली प्रत पुसली जात नाही, पण ती जुनी होते, आणि याचा त्रास पुसलं जाण्यापेक्षा उशिरा कळतो. बडीप्रेसनं मूळ फाइलीत काही दुरुस्त केलं, समजा सुरक्षेचं काही, तर तुमच्या प्रतीत ते येत नाही. वूकॉमर्स हे दुकानाचं प्लगिन निदान त्याच्या स्टेटसच्या पानावर जुन्या झालेल्या टेम्प्लेटची यादी देतं. इथं ती नोंद आपली आपण ठेवायची. नूवोच्या फाइलींच्या डोक्यावर टिप्पणीत आवृत्तीचा आकडा असतो. प्रत नेताना तो तसाच ठेवा आणि खाली एक ओळ स्वतःची लिहा, ही फाइल का नेली आणि काय बदललं. मोठं अपडेट आलं की मूळचा आकडा आणि आपला आकडा बघायचा. वेगळा असेल तर विनमर्ज या फाइलींची तुलना करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडायच्या आणि नवीन प्रतीवर आपला बदल पुन्हा चढवायचा. एक-दोन फाइली असतील तर चहा गार व्हायच्या आत होतं. चाळीस असतील तर कोणीच करत नाही. मीही केलेलं नाही.

अपडेट आधी साइटच्या चाचणी प्रतीवर चालवा. बऱ्याच होस्टिंगवर स्टेजिंगची सोय असते, नसेल तर संगणकावर प्रत उभी करा. हंगाम ऐन भरात असताना तर थेट साइटवर काहीच करू नका.

राहिलं तुमचं पुसलं गेलेलं काम. ते बहुधा मिळेल. होस्टिंगच्या बॅकअपमध्ये अपडेटच्या आधीच्या दिवसाचं बडीप्रेसचं फोल्डर शोधा आणि फक्त तेवढंच उतरवून घ्या, साइटवर परत चढवू नका. मग वर्डप्रेस डॉट ऑर्गवर बडीप्रेसच्या पानावर 'ॲडव्हान्स्ड व्ह्यू'मध्ये जाऊन तीच जुनी आवृत्ती कोरी उतरवा. दोन्ही फोल्डरांची विनमर्जनं तुलना केलीत की तुम्ही बदललेल्या ओळी रंगात समोर येतील. त्यातली प्रत्येक ओळ हातात घेऊन ती मांडवाची, वेलाची की घडाची हे ठरवा. माझा अंदाज, लूपची फाइल न्यायची वेळ येणार नाही. आली, तर तुमचा टेम्प्लेट पॅक कोणता, बडीप्रेसची आवृत्ती कोणती आणि थीम ब्लॉकची आहे की जुन्या पद्धतीची, एवढं लिहून कळवा. त्याशिवाय पुढचं सांगणं म्हणजे बाग न बघता औषध लिहून देण्यासारखं होईल.